चित्र गेलेला टीव्ही

टीव्हीचं चित्र गेलं त्या मंगळवारी सुचिताकडे चारशे भाकऱ्यांची ऑर्डर होती.

एप्रिल महिना होता. उलव्याच्या टॉवरांमागे जे जुनं गाव उरलंय, तिथे त्या दिवसांत दर दोन घरांआड हळदीचा मांडव पडतो. हळदीचं मटण पुरुष रांधतात, पण तांदळाच्या भाकऱ्या बायकांच्या हातच्याच लागतात. आणि पातळ, पांढरी, हातावरची भाकरी म्हटली की गावातले लोक गोजराचं नाव घेत. गोजरा सदुसष्ट वर्षांची. परकरात होती तेव्हापासून तिच्या हातात पीठ होतं. आता बाहेरचं सगळं सून सुचिता बघायची, म्हणजे फोन घेणं, तांदूळ दळून आणणं, टोपल्या भरून टेम्पोत चढवणं. पण ऑर्डर देणारा माणूस शेवटी एकच विचारायचा, "म्हातारी करनार हाय ना?"

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन चुली होत्या. एकीवर सासू, एकीवर सून. मधे उकड मळायची मोठी परात. उकड गरम असतानाच मळावी लागते, निवली की भाकरीच्या कडा चिरतात. त्यामुळे दोघींचे तळहात लालभडक झालेले. वर पत्रा तापलेला, खाली जाळ. सुचिताच्या पाठीवरून घाम ओघळून परकराच्या नाडीशी साचत होता.

पाच वाजता गोजराने हात धुतले. "सुचिता, मी उठते आथा. कंबर धरली बग."

"जा आई. राहिलेल्या मी करते. तुमची सिरियल लागली असेल."

गोजरा भिंतीला हात लावत आत गेली. भिंतीला हात लावत चालायची सवय तिला वर्ष-दीड वर्षापासून लागली होती. गुडघे दुखतात, असं ती सांगायची.

थोड्या वेळाने टोपलीत घालायला धुतलेलं फडकं हवं म्हणून सुचिता आत आली. टीव्हीचा आवाज चालू होता. कुणीतरी बाई रडत होती, मागे बासरी वाजत होती. टीव्ही सुचिता आणि तिचा नवरा धनेश यांच्या लग्नातला. पाठीला मोठं कुबड असलेला, तिघांनी मिळून उचलावा लागणारा डबा, खाली ओळीने सहा बटणं. पण त्याची काच पूर्ण काळी होती. खिडकीतल्या उजेडात काचेवर फक्त समोरच्या पलंगाचा आणि त्यावर बसलेल्या सासूचा आकार दिसत होता.

"आई," सुचिता बोलणार होती की चित्र गेलंय.

त्याआधीच गोजरा म्हणाली, "ये, बस जराशी. बग कवरी रडते बिचारी." आणि तिने मान हलवली. तोंड टीव्हीकडेच होतं.

सुचिता फडकं हातात घेऊन उभी राहिली. मग तिने हळूच विचारलं, "आई, साडी कोणत्या रंगाची नेसलीय हो ती?"

"पिवली," गोजरा म्हणाली. "कालचीच."

सुचिता मागे सरून दाराआड गेली.  तेवढ्यात मागच्या दाराने सासरा आला. गोटीराम खाडीवर पाग टाकायला गेला होता. ओलं जाळं खांद्यावर, डब्यात मूठभर बोयट्या मासे. त्याने एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि मग दाराआड उभ्या असलेल्या सुनेकडे. जाळं त्याने दाराबाहेर टाकलं, हात लुंगीला पुसले आणि बायकोशेजारी जाऊन बसला.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"तुमीच सांगा. मना धड कललं नाय."

सुचिता तिथेच आहे हे गोजराला ठाऊक नव्हतं. ती गेली असं तिला वाटलं होतं.

गोटीराम काळ्या काचेकडे बघत म्हणाला, "थोरली आलेय. जिन्यावर उभी हाय. हातान चावी हाय तिच्या."

"कसली चावी?"

"तिजोरीची असल. धाकटी खाली बसलेय. डोल्याला पदर लावलाय."

"आनि सासू?"

"सासू... सासू देवघरान." त्याने सुनेकडे बघून हाताने खूण केली, जा. "देवघरान बसून ऐकते सगला."

शेडमधून करपल्याचा वास आला तेव्हा सुचिता धावली. तव्यावरची भाकरी काळी झाली होती.

संध्याकाळी टेम्पो गेल्यावर गोटीराम स्वतःच शेडमध्ये आला आणि चुलीपुढे उकिडवा बसला. गेल्या दीड वर्षात सगळं घर त्याला हसत होतं. जन्मात कधी सिरियल न बघणारा म्हातारा रोज बायकोच्या बाजूला बसून टीव्ही बघायला लागला होता आणि बघता बघता मोठ्याने बोलायचा. "आजोबा कॉमेंट्री करतात," असं नात मनस्वी म्हणायची. सुचिताने तर एकदा कानाच्या डॉक्टरकडे न्यायची गोष्ट काढली होती, कारण बहिरी माणसं मोठ्याने बोलतात.

"किती दिसतं त्यांना?" सुचिताने विचारलं.

"उजवा गेला. डाव्यान धुक्यासारखा. मानूस आला तं सावली दिसते, पन कोन आला ते पायाच्या आवाजावरून."

"आणि तुम्ही बोलला नाहीत, बाबा?"

"तिनं मना शपथ घातली." त्याने एक जळकं लाकूड मागे ओढलं. "तिच्या बहिनीचा, सगुनाचा डोला गेला ना आपरेशननंतर. तेवा ही होती तिथं. तवापासून भ्यालेय. आनि दुसरा म्हंजे, धनेसला कलला तं तो तिला चुलीजवल बसू देल का? ती बोल्ली, मना बसवून खाऊ घालाल, त्यापरीस मना असंच राहू द्या."

 मागच्या आठवड्यात टॉवरमधल्या एका बाईने पन्नास भाकऱ्या परत पाठवल्या होत्या, एका बाजूने करपलेल्या. वर त्यांचा व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. सुचिताने लाकडांना दोष दिला होता. गोजराने तेव्हा काही न बोलता त्या पन्नास भाकऱ्या एकेक करून म्हशीवाल्याच्या बादलीत टाकल्या होत्या, बोटांनी कडा चाचपत.

"मी नाही सांगत कुणाला," सुचिता म्हणाली. पण हे फार दिवस चालणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

बुधवारी सकाळी धनेश तळोज्याहून तिसरी पाळी करून आला. केमिकल कंपनीतला वास अंघोळ केली तरी त्याच्या केसांतून जात नसे. चहा पिता पिता त्याने बातम्या लावल्या आणि कपाळाला हात लावला.

"गेला एकदाचा. मी दोन वर्षं सांगतोय. आता त्रेचाळीस इंचाचा घेऊ, भिंतीवरचा. मी मोबाइलवर बघून ठेवलाय."

"काय गेला?" गोजराने विचारलं.

"चित्र गेलं, आई. नुसता आवाज येतो. कालपासूनच असेल. तुला नाही कळलं?"

गोजराच्या हातातली कपबशी तशीच राहिली. सुचिताने पटकन म्हटलं, "काल आम्ही दोघी दिवसभर शेडमध्ये होतो. टीव्ही लावलाच कुणी?"

"हां," गोजरा म्हणाली. मग जरा वेळाने, "नवा नुको. यालाच दुरुस्त कर. धर्मराजला बोलव."

"आई, हे डबे आता भंगारवालापण घेत नाही. टेन्शन कशाला घ्यायचं? नव्याला रिमोटवर बोललं तरी चॅनेल लागतं."

"मना याची बटनं ठावं हाईत."

"बटणं काय, शिकशील दोन दिवसांत."

"नुको बोलले ना."

धनेश चिडला. आपण काही आणायचं म्हटलं की या घरात पहिला शब्द ‘नको’ असतो, असं म्हणून तो झोपायला गेला. सुचिता मागे गेली तर तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तू तरी समजव तिला. माझ्यासाठी घेतोय का मी? दिवसभर घरात कोण असतं?"

"एकदा धर्मराजला दाखवू," सुचिता म्हणाली. "आईंचं मन राहील."

बाहेर पडवीत गोजरा नवऱ्याला विचारत होती. तिला वाटलं, आजूबाजूला कुणी नाही. "कालपासून चित्र नाय, तं मंग ती चावी?"

गोटीराम जाळ्याची फाटलेली गाठ सोडवत होता. त्याने मान वर केली नाही.

"आनि सासू देवघरान?"

"असल की. सासू आनखी कुठं जाल?"

गोजराला हसू आलं. तिने पदर तोंडावर घेतला, खांदे हलायला लागले, आणि आत सुचिताला कळेना की ती हसतेय की रडतेय. मग ती म्हणाली, "मेल्या, इतकं खोटं बोलाला कधी शिकलास?" पंचेचाळीस वर्षांच्या संसारात गोजराने नवऱ्याला अरेतुरे केलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

धर्मराज गुरुवारी दुपारी आला. बाजारात मोबाइलच्या दोन दुकानांमधे त्याची फळकुटाएवढी जागा होती आणि रेडिओपासून मिक्सरपर्यंत सगळं तो उघडायचा. त्याने टीव्ही फिरवला, पाठीचे स्क्रू काढले. आत बोटभर धूळ, पालीची दोन फुटलेली अंडी, आणि मनस्वी लहान असताना फटीतून टाकलेली प्लास्टिकची एक चमची. धनेश नुकताच झोपून उठला होता. तो दाराला टेकून उभा राहिला. सुचिताने धर्मराजला पाणी दिलं.

धर्मराजने मीटर लावून बघितलं, दोन-तीन ठिकाणी टोचलं, मग बसकण मारली.

"ट्यूब गेली, काकी. हिला आता औषध नाही. पूर्वी जुन्या सेटांतून काढून बसवायचो. आता जुने सेटच मिळत नाहीत."

"बघ," धनेश म्हणाला.

"आनि आवाज?" गोजराने विचारलं.

"आवाजाला काय होतंय. ते बोर्ड चांगलं आहे. दहा वर्षं जाईल."

"बटनं?"

"बटणंपण चांगली आहेत."

"मंग झालं," गोजरा म्हणाली. "बंद कर त्याला. असाच राह्यल."

धर्मराज हसला. "काकी, चित्राशिवाय टीव्ही? मग रेडिओ घ्या ना."

"रेडिओवर सिरियल लागते का?"

 धर्मराजचा स्क्रूड्रायव्हर हातात तसाच राहिला. त्याने सुचिताकडे बघितलं, मग खाली बघून एकेक स्क्रू लावायला घेतला. धनेश दारातून पुढे आला आणि आईसमोर उभा राहिला. त्याने तिच्या तोंडापुढून हात फिरवला, डावीकडून उजवीकडे. उजव्या बाजूला हात गेला तेव्हा तिची पापणीही हलली नाही. डावीकडे आला तेव्हा तिने तो फटकन धरला.

"काय करतंस? मी काय बुजगावनं हाय?"

"आई, माझ्या शर्टाचा रंग सांग."

गोजराने त्याचा हात सोडला. परक्या माणसासमोर तिला असं विचारलं, हे तिला फार लागलं. ती ताठ बसून राहिली. "धर्मराजला चा दे, सुचिता," एवढंच बोलली.

धर्मराज चहा न घेताच गेला. पैसेही त्याने घेतले नाहीत. काहीच केलं नाही म्हणाला.

मग गोटीराम पडवीतून आत आला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. धनेश बोलला. मोठ्याने नाही, पण थांबता थांबेना. दीड वर्ष? दीड वर्ष तुम्ही सगळे मला फसवत होता? मी रोज घरी येतो, तिच्यासमोर बसून जेवतो. ती मला ‘दमलास रे, तोंड उतरलंय’ म्हणते. ते कशावरून म्हणते?

"तुझ्या चपलीवरून," गोजरा म्हणाली. "दमलास की तू पाय घासत येतंस."

धनेश बाहेर पायरीवर जाऊन बसला. सुचिता मागून गेली. तो रडत नव्हता, नुसता समोरच्या टॉवरकडे बघत होता. "उद्यापासून ती चुलीजवळ जाणार नाही," तो म्हणाला. "पदर पेटला तर? आणि शनिवारी मी सुट्टी टाकतो. डॉक्टरकडे न्यायचं."

"शनिवारी सहाशेची ऑर्डर आहे."

"मग कॅन्सल कर."

"लग्न कॅन्सल होत नाही, धनेश. त्यांनी महिन्याआधी सांगितलंय."

शेवटी डॉक्टर सोमवारी ठरला. आणि ऑर्डरला शेजारच्या अस्मिताला बोलवायचं ठरलं.

शनिवारी दुपारी सुचिता आणि अस्मिता परातीपुढे बसल्या. अस्मिता कष्टाळू होती, पण तिचा हात जड. तिची भाकरी जाड व्हायची आणि फुगायची नाही. चार वाजले तरी दोनशेही झाल्या नव्हत्या. धनेशने सुट्टी टाकली होतीच, तो लाकडं फोडून देत होता. गोजरा आत पलंगावर बसून होती. टीव्ही बंद. हात मांडीवर, नखांखाली पिठाचा कण नाही. गोटीराम पडवीत बसून उगाच बिडी विझवत होता आणि पेटवत होता.

एकदा आतून आवाज आला. "अस्मिता, पानी जास्ती घेतेस तू. थापताना चपचप वाजते."

अस्मिताने जीभ चावली. खरंच तिने जास्त घेतलं होतं.

जरा वेळाने परत, "सुचिता, तुझी उकड निवली. हात लावून बग."

सुचिताने परातीत हात घातला. निवली होती. ती उठली. धनेशने तिच्याकडे बघितलं, पण ती त्याच्याशी बोलली नाही. आत गेली, सासूचा हात धरून तिला शेडमध्ये आणलं आणि तिच्यासाठी पाट ठेवला, चुलीपासून चार हात लांब, परातीच्या पलीकडे.

"तुम्ही थापा," ती म्हणाली. "भाजायचं माझ्याकडे. अस्मिता, तू उकड मळ."

गोजराने पाटावर बसून परातीची कडा चाचपली. पाण्याचं भांडं कुठे ते बघितलं, म्हणजे बोट बुडवून बघितलं. मग गोळा घेतला. तिच्या दोन्ही तळव्यांमध्ये तो गोल फिरत पसरत गेला, बोटं कडेकडेने सरकत राहिली, आणि भाकरी तिच्या मनगटापर्यंत आली तरी कुठे जाड-पातळ नव्हती. सुचिताने ती तिच्या हातावरून अलगद स्वतःच्या हातावर घेतली आणि तव्यावर टाकली. पाणी फिरवलं, उलटली, जाळाला लावली. भाकरी टम्म फुगली.

"फुगली?" गोजराने विचारलं.

"फुगली."

"मंग पुढची घे."

धनेश कुऱ्हाड टेकवून बघत होता. मग तो सुचिताच्या चुलीजवळ येऊन बसला आणि जाळ सारायला लागला. पहिल्यांदा त्याने फारच लाकडं घातली, तव्यापेक्षा जाळ वर आला, तेव्हा आईने न बघता सांगितलं, "कमी कर रे. जालाचा आवाज ऐक." त्याने कमी केला. साडेसातला टेम्पो आला तेव्हा शेवटची टोपली बांधून तयार होती. त्या ऑर्डरमधली एकही भाकरी परत आली नाही.

रविवारी सगळे घरी होते. संध्याकाळी सिरियलच्या वेळेला गोजराने चाचपून तिसरं बटण दाबलं आणि पलंगावर बसली. काळ्या काचेतून भांडणाचा आवाज यायला लागला. गोटीराम जागेवरून उठला नाही. आता सगळ्यांसमोर सांगायचं त्याला अवघड वाटत होतं.

मग धनेशच बसला आईशेजारी. खाकरला. "अं... दोघी बोलतायत," तो म्हणाला.

"ते मना ऐकू येते."

"एक उभी आहे. एक बसलीय."

"कुठं बसलेय?"

धनेश विचार करत राहिला. अकरावीतली मनस्वी मोबाइलवर तीच सिरियल लावून आली. "आजी, सोफ्यावर बसलीय. निळा ड्रेस. आणि तो वकील आलाय, फाइल घेऊन."

गोजराने थोडं ऐकलं. मग म्हणाली, "तुझं खरं असल, बाय. पन तुझ्या आजोबाचं ऐकाला बरं वाटते."

सगळे हसले. गोटीरामही हसला. पण मग पलंगाच्या कडेला येऊन बसला आणि म्हणाला, "गोजरा, माझं ऐक. मना आथा सांगाला काय उरलं नाय. दीड वरस बघून सांगितला, मंग न बघता पन सांगितला. मी तरी किती दिवस हाय? मी गेल्यावर तुला कोन सांगल?"

हसणं थांबलं.  टीव्हीत दार आपटल्याचा आवाज झाला.

सोमवारी सकाळी निघायच्या आधी सगुणा आली. धनेशने तिला फोन केला होता. गोजराची धाकटी बहीण, तळोज्याकडच्या गावात दिलेली. तिचा डावा डोळा पांढरा, त्यावर ती नेहमी पदर ओढून असायची. आज तिने पदर मागे सारला आणि बहिणीचा हात धरून बसली.

"तू माझ्या डोल्याला भ्यालीस, असं धनेस बोलला."

"मी होते ना तिथं. पट्टी काढली तेवा बघितला मी."

"पट्टी काढायच्या आधीचं तुला ठावं नाय." सगुणा म्हणाली. "तिसऱ्या दिवशी मी पट्टी सोडून म्हशीखाली बसले होते. शेन काढला. डोला ठनकाला लागला तेवा एका बाईनं पाला वाटून दिला, तो घातला. डाक्तर विचारत होता, मी नाय बोलले. घरान सगली डाक्तरला शिव्या देत होती, मी गप बसले. सासूची भीती होती मना. गुन्हा त्या डाक्तरचा नव्हता, गोजरा. माझा होता."

बावीस वर्षं ती हे कुणाजवळ बोलली नव्हती. गोजराने हात लांब करून तिच्या तोंडावरून फिरवला, डोळ्यावरून, गालावरून. गाल ओला लागला.

"मना आधी का नाय सांगितलंस?"

"तू कुठं सांगितलंस कुनाला?"

 मग गोजरा म्हणाली, "सुचिता, माझी चांगली साडी दे. कनची पन दे, फक्त मना रंग सांग."

डॉक्टर बाई तरुण होती आणि सरळ बोलणारी. उजव्या डोळ्यात काचबिंदू, तो डोळा गेलेला, परत येणार नाही. आधी आला असतात तर वाचला असता. डाव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. तो काढला तर दिसेल. पूर्वीसारखं नाही, पण दिसेल. आणि त्याही डोळ्यात काचबिंदूची सुरुवात आहे, म्हणून औषधाचे थेंब जन्मभर, एक दिवसही चुकवायचे नाहीत. धनेशने ‘आधी आला असतात तर’ ऐकलं आणि मान खाली घातली. गोजराने अंदाजाने त्याचा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला.

ऑपरेशन मेच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. त्यानंतर महिनाभर ती शेडच्या वाटेला गेली नाही. धुराला जायचं नाही असं सांगितलेलं. सगुणा येऊन राहिली आणि पहारा दिला. थेंब घालायचं काम गोटीरामने घेतलं. त्याची मिठागरात राबलेली, भेगाळलेली बोटं बाटली धरताना थरथरायची, म्हणून तो आधी दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकवायचा, श्वास धरायचा आणि मग एक थेंब सोडायचा. एकदाही गालावर पडला नाही.

टीव्हीची गोष्ट मात्र तशीच राहिली होती. ऑपरेशनच्या आधी धनेश एकदा म्हणाला होता की तू घरी येशील तेव्हा भिंतीवर नवा लावून ठेवतो. तेव्हा गोजराने हात वर केला होता. "थांब. मना दिसला तं मी बगीन आनि मीच घेन. नाय दिसला तं यो हायच." त्यावर कुणी वाद घातला नाही.

जूनच्या शेवटी ते सगळे सानपाड्याला एका मोठ्या दुकानात गेले. बाहेर पावसाची झड होती, आत थंडगार. गोजराने नवा जाड चष्मा घातला होता आणि डावी बाजू पुढे करून ती जरा तिरकी चालत होती. एक अख्खी भिंत टीव्हींनी भरलेली. लहान, मोठे, पंचवीस-तीस तरी. सगळ्यांवर एकच चित्र चालू होतं. खोल समुद्राचं पाणी, आणि त्यात फिरणारे मासे.

दुकानातली बाई चटपटीत होती. ती धनेशला सांगायला लागली, हा एवढ्या इंचाचा, याला हे आहे, त्याला ते आहे. धनेश म्हणाला, "मला नको, आईला सांगा. तिच्यासाठी आहे."

बाईने गोजराकडे बघितलं. "आजी, तुम्हाला मोठं हवं की मध्यम?"

 गोजरा भिंतीच्या एका टोकाला गेली आणि एकेका टीव्हीसमोर उभी राहत पुढे सरकू लागली. प्रत्येकासमोर थांबायची, डावा डोळा पुढे करून बघायची. पहिल्या ओळीतल्या एका मोठ्या टीव्हीसमोर ती म्हणाली, "यो नुको."

"हा तर सगळ्यांत जास्त खपतो, आजी."

"यात मासली हिरवी दिसते. अशी मासली खाडीत नाय, समुद्रान पन नाय. खोटा रंग हाय."

बाई हसायला गेली, पण मग तिने शेजारच्या टीव्हीकडे बघितलं आणि परत या टीव्हीकडे. मासा खरंच हिरवट दिसत होता.

आणखी दोन गोजराने तसेच बाजूला काढले. एकात पाणी दुधासारखं, एकात सगळंच लाल. दुसऱ्या ओळीत, अगदी कोपऱ्यात, मधल्या आकाराचा एक टीव्ही होता. तिथे ती थांबली. मासळीची एक झुंड आली, चांदीसारखी, वळली आणि वळताना एकदम लकाकली. सूर्य डोक्यावर असताना पागात आलेली बोय अशीच लकाकते. गोजरा पुढे वाकली. काचेजवळ तोंड नेलं, मग एक पाऊल मागे आली.

"यो," ती म्हणाली.

"नक्की?" धनेशने विचारलं. त्याने मोबाइलवर बघून ठेवलेल्यापेक्षा हा बराच लहान होता.

"यो. यात पानी पान्यासारखा हाय."

बाई कागद करायला काउंटरकडे गेली. धनेश आणि मनस्वी तिच्या मागे गेले. सुचिता पिशवी सावरत थांबली. गोटीराम एका स्टुलावर बसला होता, भिजलेल्या चपला काढून पाय वर घेऊन. भिंतीवरचे मासे संपले, पडदे क्षणभर काळे झाले आणि मग कसली तरी डोंगराची, बर्फाची चित्रं सुरू झाली.

गोजरा तिथेच उभी होती.

"आई, झालं ना घेऊन," सुचिता म्हणाली. "चला, बसा जरा. पाय दुखतील."

"मासली गेली का?"

"संपलं ते. आता दुसरं लागलंय."

"तिला बोल ना," गोजरा म्हणाली, "परत लाव."

सुचिता काउंटरपाशी गेली आणि तिने बाईला सांगितलं. बाईने धनेशकडे बघितलं, धनेशने मान हलवली. मग बाईने रिमोट घेतला आणि सगळ्या भिंतीवर मासे परत लावले.